वाचकांचे प्रश्न: भाजे गावातून ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा घेता येईल का?

प्रश्न: आम्ही मळवली स्टेशनजवळच्या भाजे गावात राहतो. गावातली बरीच मुलं मोबाईलवर बुद्धिबळ खेळतात. सुट्टीत मावळातल्या मुलांसाठी एक ऑनलाइन अजिंक्यपद स्पर्धा घ्यावी असं आम्हा काही पालकांच्या मनात आहे. पण तीन शंका आहेत. घरी बसलेलं मूल कॉम्प्युटरची मदत घेत नाही हे कसं कळणार? आमच्याकडे पावसापाण्यात लाईट जाते, नेटही जातं. मध्येच नेट गेलं तर डाव कोणाचा? आणि मोबाईलवरच्या स्पर्धेला ‘अजिंक्यपद’ म्हणण्याइतकी किंमत असते का?
— एक पालक, भाजे (ता. मावळ)

उत्तर: घेता येईल, आणि जरूर घ्या. फक्त एक गोष्ट आधी पक्की करा. मुलांना आपापल्या घरी बसवू नका. गावातल्या मुलांना गावातल्याच एका खोलीत, मोठ्यांच्या नजरेसमोर बसवा. दूर राहू दे तो प्रतिस्पर्धी. तुमच्या पहिल्या दोन शंकांचं बरंचसं उत्तर या एका निर्णयात आहे, आणि तिसरीचंही त्यातूनच निघतं.

आधी नेटबद्दल बोलू. नेट जाणं ही केवळ डोंगरपायथ्याच्या गावांची अडचण नाही. २०२० साली रशियात व्हायचं बुद्धिबळ ऑलिंपियाड करोनामुळे पुढे गेलं, आणि फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, पहिल्यांदाच ऑनलाइन ऑलिंपियाड भरवलं. प्रत्येक संघात सहा पट: दोन पुरुष, दोन महिला, आणि वीस वर्षांखालचा एक मुलगा व एक मुलगी. प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंदांची भर. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. संघात गोव्याची भक्ती कुलकर्णी होती, आणि मुलींच्या पटावर खेळणारी नागपूरची दिव्या देशमुख होती, तेव्हा अवघी १४ वर्षांची.

३० ऑगस्टला भारत आणि रशिया अंतिम फेरीत समोरासमोर आले. पहिली लढत ३-३ अशी सुटली. दुसरी लढत चालू असताना भारताचा निहाल सरीन आणि दिव्या या दोघांचा संपर्क तुटला. त्या दिवशी अमेरिकेतल्या एका मोठ्या इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात बिघाड झाला होता आणि जगभर ठिकठिकाणी संकेतस्थळं बंद पडत होती. या मुलांच्या हातून काही चुकलं नव्हतं. पण घड्याळ चालत राहिलं, चाल पोचेना, वेळ संपली आणि दोघांच्या नावावर हार लागली. रशियाला विजेता ठरवलं गेलं. भारतानं दाद मागितली. निवाडा करणाऱ्या समितीचं एकमत होईना, तेव्हा फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी सुवर्णपदक दोन्ही देशांना दिलं.

त्याच स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत भारताविरुद्ध खेळताना आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क तुटला होता. आर्मेनियानं दाद मागितली, ती फेटाळली गेली, आणि त्या संघानं स्पर्धाच सोडली. म्हणजे एकाच स्पर्धेत दोनदा नेट गेलं आणि दोन वेगळे निकाल लागले. बिघाड वेगळ्या जातीचे होते हे खरं. एकदा एका खेळाडूपुरता, दुसऱ्यांदा जगभरचा. पण हा फरक नियमात आधीच नेमका लिहिलेला असता, तर वाद अध्यक्षांच्या दारापर्यंत गेला नसता. तुमच्या नियमपत्रकात तो लिहून ठेवा.

माझ्या मते तो असा असावा. एकाच मुलाचा मोबाईल बंद पडला, त्याचंच नेट गेलं, तर घड्याळ चालू राहील. वेळ संपायच्या आत तो परत आला तर खेळेल, नाही तर डाव गेला. हे कठोर वाटेल, पण प्रतिस्पर्धी मुलगीही तिकडे पटासमोर बसून वाट बघत असते, तिचाही विचार करायला हवा. मात्र एका केंद्रावरच्या दोन किंवा अधिक पटांचा संपर्क एकाच वेळी तुटला, म्हणजे लाईट गेली किंवा टॉवर बंद पडला, तर त्या केंद्रावरचे अपुरे डाव रद्द धरायचे आणि त्याच रंगांनी नव्यानं खेळवायचे. अशी संधी स्पर्धेत एकदाच. ‘एकदाच’ हा शब्द विसरू नका, नाही तर हरत आलेल्या पटाशेजारचा राउटर वारंवार बंद पडू लागेल.

तयारीही त्याच हिशोबानं करा. चाली पाठवायला डेटा जवळजवळ लागतच नाही. डेटा खातो तो व्हिडिओ. त्यामुळे वीस मुलं एका साध्या जोडणीवर आरामात खेळतील, पण प्रत्येकाचा कॅमेरा चालू ठेवायचा म्हटलं तर तीच जोडणी अडखळेल. सगळे एका खोलीत असले की दर मुलामागे कॅमेरा लागत नाही, पूर्ण खोली दाखवणारा एक पुरतो. राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. शिवाय दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाईल हॉटस्पॉटसाठी बाजूला काढा, कारण विसापूर आणि लोहगडाच्या कुशीत एका कंपनीची रेंज असते तिथे दुसरीची असतेच असं नाही. स्पर्धेआधी एकदा त्याच खोलीत, त्याच वेळी, सगळे मोबाईल एकदम चालवून पाहा. आणि जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार टाळा. धबधब्याला आणि लोहगडाला येणाऱ्या गर्दीत तुमच्या गावातून चालणं मुश्किल होतं. त्या दिवशी रेंजचा भरवसा कोण देणार? दिवाळीची सुट्टी त्यातल्या त्यात बरी.

मोबाईलबद्दल आणखी थोडं, कारण गावाकडच्या स्पर्धांत डाव खरे जातात ते इथे. मूल खेळतं तो मोबाईल बहुधा आईचा किंवा वडिलांचा असतो. हत्ती-प्याद्यांचा शेवट चालला आहे, घड्याळात चाळीस सेकंद उरलेत, आणि तेवढ्यात मामाचा फोन येतो. पडदा झाकला जातो. मूल घाईनं तो कट करतं, तोवर बारा सेकंद गेलेली. किंवा वरून एखाद्या मेसेजची पट्टी उतरते, नेमकी प्रतिस्पर्ध्याच्या राजासमोरच्या घरांवर, आणि मुलाचं बोट पटाऐवजी पट्टीवर पडतं. म्हणून खेळ सुरू होण्याआधी पंचांनी प्रत्येक मोबाईल हातात घेऊन ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावायचं, बॅटरी बघायची, पडदा आपोआप विझणार नाही असं करायचं. लहान पडद्यावर बोट घसरून शेजारच्या घरात चाल पडते, तिच्यावर उपायही आहे: बहुतेक ठिकाणी चाल पक्की करण्यासाठी दुसऱ्यांदा बोट लावण्याची सोय असते, ती धाकट्यांसाठी चालू ठेवा. थोडा वेळ जातो, पण वजीर फुकट जाण्याचं रडू वाचतं. मोठा पडदा मिळत असेल तर उत्तमच. शाळेतले संगणक सुट्टीत मिळतात का, ते मुख्याध्यापकांना विचारून बघा.

आता लबाडीची शंका. ती योग्य आहे. १९९७ साली डीप ब्लू या यंत्रानं विश्वविजेत्या गॅरी कास्पारोवला हरवलं, तेव्हा ते यंत्र कपाटाएवढं होतं. आज स्टॉकफिश नावाचा फुकट प्रोग्राम साध्या मोबाईलवर चालतो आणि कुठल्याही माणसापेक्षा चांगलं खेळतो. जून २०२१मध्ये करोना मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद यांनी नामवंतांशी एकाच वेळी डाव खेळले होते, त्यात एका तरुण उद्योजकानं त्यांना हरवलं, आणि मग चाली कॉम्प्युटरच्या मदतीनं केल्याचं कबूल केलं. मदतीसाठी भरवलेल्या मैत्रीच्या डावात मोठ्या माणसाला मोह पडतो, तर बारा वर्षांच्या मुलाला पडणार नाही असं धरून चालणं बरोबर नाही. दोष मुलाचा कमी आणि त्याला मोहासमोर एकटं बसवणाऱ्यांचा जास्त.

अशी लबाडी पकडतात कशी? मुख्यतः दोन गोष्टींवरून. एक, चाली. खेळाडूच्या चाली यंत्राच्या पहिल्या पसंतीच्या चालींशी किती जुळतात ते मोजतात, आणि त्याच्या पातळीच्या खेळाडूकडून अपेक्षा असते त्यापेक्षा त्या फारच जास्त जुळल्या तर शंका येते. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाचे प्राध्यापक केनेथ रीगन यांनी या मोजणीचं शास्त्र उभं केलं आहे. दुसरी गोष्ट वेळ. खरा खेळणारा मुलगा आपला घोडा मारला गेला की समोरचा घोडा उलट मारायला एक सेकंद घेतो, कारण तिथे विचार करण्यासारखं काही नसतं. आणि अवघड जागी दोन मिनिटं अडकतो. दुसरीकडे पाहून खेळणारा उलट मारायलाही आठ सेकंद घेतो आणि जगातली सर्वांत अवघड चाल करायलाही आठच सेकंद घेतो. डाव संपल्यावर दर चालीला लागलेला वेळ बघा. जाणत्या माणसाला तो बरंच काही सांगतो.

पण मुलांच्या स्पर्धेत या मोजणीवर विसंबून निकाल देऊ नका. मोठ्या खेळाडूचं मानांकन स्थिर असतं, त्यामुळे त्याच्याकडून काय अपेक्षा करायची ते ठाऊक असतं. दहा वर्षांचं मूल दोन महिन्यांत कुठल्या कुठे जातं. त्याचं मानांकन जुनं असतं, खेळ नवा असतो, आणि आकड्यांना तो संशयास्पद वाटतो. फार प्रगती केलेल्या मुलावर चोरीचा आळ येण्याइतकं वाईट या खेळात दुसरं काही नाही. तेव्हा आकड्यांनी शंका दाखवली तर पंचांनी मुलाला आणि पालकांना वेगळं बसवून बोलावं, तोच डाव लाकडी पटावर लावून ‘इथे हीच चाल का केलीस?’ असं विचारावं. स्वतः खेळलेलं मूल काही ना काही सांगतंच, चुकीचं का होईना. खात्री पटली की गुण काढून घ्या, पण नाव जाहीर करू नका. गाव लहान असतं आणि मुलाला पुढच्या वर्षीही याच शाळेत जायचं असतं.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगायला जड जाते, पण सांगायलाच हवी. लहान मुलांच्या ऑनलाइन स्पर्धांत मदत करणारं यंत्र बहुतेक वेळा नसतंच; शेजारी बसलेली आई, बाबा किंवा क्लासचे सर असतात. ‘अरे, उंट बघ’ एवढंच म्हणतात, तेही प्रेमानं. नेहमीच्या स्पर्धांत पालकांना खेळाच्या दालनाबाहेर थांबवतात ते उगाच नाही. तुमच्याकडेही पालक बाहेर, मुलं आत, असा नियम पहिल्या फेरीपासून पाळा आणि आयोजक म्हणून तो सर्वांत आधी स्वतः पाळा.

आता लक्षात आलं असेल, एका खोलीचा आग्रह मी का धरतो आहे. मुलं एकत्र बसली, एक-दोन पंच त्यांच्यात फिरत असले, की दुसरा मोबाईल उघडणं, कानात इअरफोन घालणं, कुजबुजणं सगळं आपोआप थांबतं. ही कल्पना माझी नाही. फिडेच्या ऑनलाइन नियमांत अशा खेळाला हायब्रिड म्हणून वेगळी जागा आहे: खेळाडू आपापल्या गावी पंचासमोर बसतात आणि चाली इंटरनेटवरून जातात. मे २०२१मध्ये युरोपातल्या खेळाडूंनी विश्वचषकाची पात्रता स्पर्धा अशाच पद्धतीनं, आपापल्या देशातल्या केंद्रांवर बसून खेळली.

मावळात याची मांडणी सोपी आहे. भाज्यात एक केंद्र, कार्ल्यात एक, कामशेतला एक, पवनानगरला एक, वडगावला एक. प्रत्येक ठिकाणी शाळेची किंवा समाजमंदिराची खोली आणि एक पंच. पंच त्या गावचा नको; भाज्याचे पंच कामशेतला जातील, कामशेतचे भाज्याला येतील. पवना धरणाच्या बाजूच्या मुलाला तळेगावच्या स्पर्धेसाठी नेणं म्हणजे पालकाचा कामाचा दिवस बुडणं आणि गाडीभाडं. ते दोन्ही वाचेल. स्पर्धा ऑनलाइन घेण्याचं मला पटणारं कारण हे एवढंच आहे. ज्या मुलांना लोकलनं तासाभरात एकत्र येता येतं, त्यांनी लाकडी पटावरच खेळावं.

स्पर्धेची पद्धत स्विस ठेवा. बाद पद्धतीत पहिल्या फेरीतच निम्मी मुलं बाहेर पडतात. सकाळी आवरून आलेल्या मुलाला साडेदहाला ‘जा घरी’ म्हणायचं का? स्विसमध्ये कुणी बाहेर पडत नाही. १८९५ साली झ्युरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून हे नाव. जिंकलेला जिंकलेल्याशी, हरलेला हरलेल्याशी, आणि एकाच जोडीची गाठ पुन्हा नाही. ६४ मुलं असली तर सहा फेऱ्यांत सगळे डाव जिंकणारा एकच उरू शकतो. मी सात फेऱ्या ठेवेन. मुलं विषम असली तर एकाला फेरीत जोडी मिळत नाही, त्याला पूर्ण गुण. सारखे गुण झाले तर प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, म्हणजे बुकोल्झ, पाहायची. ज्याला तगडे प्रतिस्पर्धी मिळाले तो वर. हे आधीच भिंतीवर लावा, कारण बक्षीस समारंभात सर्वाधिक भांडणं याच एका गोष्टीवरून होतात.

वेळ १० मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंद. साठ चालींचा डाव धरला तर एकेकाला १५ मिनिटं, दोघांची मिळून अर्धा तास. मध्ये पाणी, शौचालय, नेट सावरणं धरून फेरीला ४५ मिनिटं लावा. पहिल्या दिवशी चार फेऱ्या, दुसऱ्या दिवशी तीन. एका दिवसात सात फेऱ्या उरकायचा मोह होईल. दहा वर्षांखालच्या मुलांना पाचव्या डावात पट दिसेनासा होतो. वयोगट १०, १२, १४ आणि १६ वर्षांखालील असे नेहमीचेच, वय त्या वर्षीच्या १ जानेवारीला धरायचं आणि जन्मदाखला पाहायचा. मुलं थोडी असतील तर सगळ्यांना एकत्र खेळवा आणि बक्षिसं तेवढी वयोगटांप्रमाणे द्या. मुलींसाठी बक्षीस वेगळं असू द्या, पण त्यांना खेळवा सगळ्यांबरोबर.

कुठल्या मंचावर खेळवायचं, तर लिचेस हा माझा सल्ला. २०१० साली तिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरनं तो सुरू केला. ना जाहिराती ना वर्गणी. ना-नफा संस्था देणग्यांवर तो चालवते. तुम्ही तिथे आपला एक संघ तयार करायचा, मुलांना त्यात घ्यायचं आणि संघाची स्विस स्पर्धा लावायची. जोड्या, घड्याळ, गुणतक्ता सगळं आपोआप होतं. मुलांच्या खात्यावर ‘किड मोड’ लावा, म्हणजे अनोळखी माणसाचे संदेश बंद होतात. तिथेच अरेना नावाचा एक प्रकार दिसेल, ठरलेल्या वेळेत जितके डाव खेळाल तितके खेळा, सलग जिंकणाऱ्याला दुप्पट गुण. सरावाला तो मजेचा आहे, पण अजिंक्यपदासाठी नको. त्यात विचार करणाऱ्यापेक्षा घाई करणाऱ्याचं फावतं.

दोन कायदे माहीत असू द्या. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, आणि खेळ कौशल्याचा आहे ही सबब त्यात चालत नाही. तेव्हा प्रवेश शुल्क घ्यायचं आणि त्यातून रोख बक्षिसं द्यायची, ही गावोगावची जुनी रीत ऑनलाइन स्पर्धेत आणू नका. शुल्क नको, रोख बक्षीसही नको. चषक द्या, लाकडी पट द्या, बुद्धिबळाची पुस्तकं द्या. खर्च गावातल्या व्यावसायिकांकडून किंवा मंडळाच्या वर्गणीतून भागवा. दुसरा कायदा २०२३चा, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. त्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी. साध्या कागदावर सही घ्या, जन्मदाखल्यांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, आणि काम झालं की ते पुसून टाका.

राहिली तिसरी शंका, किमतीची. घरबसल्या खेळलेले ऑनलाइन डाव फिडेच्या नेहमीच्या मानांकनात धरले जात नाहीत, त्यामुळे मुलाच्या नावापुढे आकडा वाढेल अशी आशा पालकांना दाखवू नका. पण ‘मावळ अजिंक्यपद’ हे नाव खुशाल द्या. नियम आधी लिहिलेले असले, पंच परगावचा असला आणि हरलेल्या मुलाला आपण का हरलो हे कळलं, की ते अजिंक्यपदच. २०२०च्या त्या अंतिम सामन्यात नेट तुटून हरलेली दिव्या देशमुख जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. तो विजय लाकडी पटावरचा होता.

प्रश्न: माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीला आहे. तिची मुलं आणि इकडची मुलं अशी एक ऑनलाइन स्पर्धा शक्य आहे का? वेळ कशी जुळवायची?
— एक आजोबा, लोणावळा

उत्तर: शक्य आहे, आणि वेळ वाटते तितकी अवघड नाही. रविवारी संध्याकाळी आपल्याकडे सात वाजलेले असतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ असतात. म्हणजे रविवारी सात ते नऊ या वेळेत दोन्हीकडची मुलं जागी आणि मोकळी असतात. पण दोन तासांत फेऱ्या दोनच बसतील. त्यामुळे एका दिवसाच्या स्पर्धेऐवजी लागोपाठ तीन-चार रविवारांची संघांची साखळी करा: लोणावळ्याचे चार पट, न्यू जर्सीचे चार पट. तिकडच्या मराठी मंडळांच्या मराठी शाळा रविवारी भरत असतील तर तेवढं आधी विचारून घ्या. डाव झाला की दोन्हीकडच्या मुलांना पाच मिनिटं एकमेकांशी बोलू द्या, मराठीतून. समोरासमोरच्या डावात हात मिळवतात, मग दोघं मिळून डाव पुन्हा मांडतात, ‘इथे मला भीती वाटली होती’ असं सांगतात. ऑनलाइन खेळात नेमकं हेच राहून जातं. आजोबा म्हणून हे काम तुम्ही अंगावर घेतलंत तर फार बरं होईल.

प्रश्न: बुद्धिबळच का? आपले जुने पटावरचे खेळ ऑनलाइन का नकोत?
— एक विद्यार्थिनी, कामशेत

उत्तर: प्रश्न आवडला. महाराष्ट्रातल्या अनेक लेण्यांत, किल्ल्यांवर आणि घाटवाटांवर दगडात कोरलेले पट आजही दिसतात: वाघ-बकरी, नवकंकरी, आणि खळग्यांच्या दोन ओळींचा मंकला. वाटसरू, पहारेकरी आणि व्यापारी तिथे बसून खेळले. अडचण एकच. या खेळांचे नियम गावोगाव बदलतात. वाघ किती, बकऱ्या किती, वाघ सलग दोन उड्या मारू शकतो की नाही, यावर दोन गावांचं एकमत होत नाही. बुद्धिबळाचे नियम जगभर एक आहेत, म्हणून भाज्यातली मुलगी आणि नाशिकचा मुलगा ओळखदेख नसताना खेळू शकतात. तुला खरंच करायचं असेल तर आजी-आजोबांकडून तुमच्या भागातले वाघ-बकरीचे नियम आधी लिहून घे. ते एकदा कागदावर आले की पुढचं काम सोपं आहे. फक्त एक लक्षात ठेव: लेण्यांत आणि गडांवर असा पट दिसला तर फोटो काढ, मोजमाप घे, पण त्यावर खडूनं किंवा दगडानं रेघ ओढू नकोस.

मावळातल्या ज्या वाचकांना पंच म्हणून एक शनिवार-रविवार देता येईल, त्यांनी आपलं गाव आणि मोकळ्या तारखा आम्हाला कळवाव्यात. भाज्याच्या पालकांपर्यंत आम्ही त्या पोचवू.